रोग पानावर, वाहक कोंबावर

संत्र्याच्या बागेत एखाद्या फांदीची पाने पिवळी पडू लागली की पहिला संशय खतावर जातो. जस्त कमी पडले असेल, जमीन चोपण झाली असेल, पाणी साचून मुळ्या कुजल्या असतील. यातले काहीही खरे असू शकते. जस्ताच्या कमतरतेत मात्र मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पिवळेपणा साधारण सारखा दिसतो. तो सारखा नसेल, पानाच्या एका अर्ध्यावर एक ठिगळ आणि दुसऱ्या अर्ध्यावर वेगळेच असेल, फळे एका बाजूला कललेली आणि लहान राहत असतील, कापल्यावर बिया पोचट निघत असतील, तर संशय सिट्रस ग्रीनिंग या रोगावर घ्यावा लागतो.

ग्रीनिंगचा जिवाणू झाडाच्या रसवाहिनीत राहतो. पानांत तयार झालेले अन्न जिथून मुळांकडे आणि फळांकडे जाते, तीच वाट तो अडवतो. तो डोळ्यांना दिसत नाही, आणि एकदा झाडात शिरला की त्याला पुरता बाहेर काढणारा उपाय आजही हाती नाही. या साखळीत शेतकऱ्याच्या नजरेला पडणारा एक दुवा आहे, तो म्हणजे जिवाणूला या झाडावरून त्या झाडावर नेणारा कीटक. म्हणून वनस्पतींच्या जिवाणूजन्य रोगांत वाहक कीटक ओळखता येणे हा उपचाराचाच भाग ठरतो. मात्र त्याचे नाव कळून भागत नाही. तो जिवाणू कोणत्या वयात घेतो, शरीरात कुठे ठेवतो आणि किती दिवस बाळगतो, हे कळले तरच उपायाला दिशा मिळते.

सापडला म्हणजे वाहक झाला असे नाही

रोगट झाडावर दिसलेला प्रत्येक कीटक रोग पसरवत नाही. डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग महाराष्ट्राच्या डाळिंब पट्ट्याला चांगलाच परिचयाचा आहे. त्या बागांत फुलकिडे असतात, मावा असतो. पण तेल्याचा प्रसार मुख्यतः पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, रोगट रोपांतून आणि छाटणीच्या कात्रीतून होतो. तिथे फुलकिड्यांवर कितीही फवारण्या केल्या तरी तेल्या आटोक्यात येत नाही.

कागदी लिंबावरच्या खैऱ्या रोगात कीटकाची भूमिका आणखी निराळी आहे. कोवळ्या पानांत नागमोडी, चंदेरी रेषा काढत जाणारी नागअळी खैऱ्याचा जिवाणू स्वतः वाहून आणत नाही. ती पान पोखरते, पानाच्या आतला भाग उघडा पडतो, आणि पावसाच्या पाण्याबरोबर आलेल्या जिवाणूला आत शिरायला आयती वाट मिळते. अशा कीटकाला वाहक म्हणता येणार नाही, पण त्याच्याकडे दुर्लक्षही करून चालत नाही.

खरा वाहक सिद्ध करायची रीत शास्त्रज्ञांनी घालून दिली आहे. तो कीटक रोगट झाडावर प्रत्यक्ष खाताना किंवा रस शोषताना आढळला पाहिजे. त्याच्या शरीरात जिवाणू सापडला पाहिजे. त्याला जाळीत कोंडून निरोगी रोपावर सोडल्यावर त्या रोपाला रोग झाला पाहिजे, आणि शेजारच्या कीटक न सोडलेल्या रोपाला तो होता कामा नये. शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची. आज पीसीआर चाचणीने कीटकाच्या पोटातला जिवाणू काही तासांत सापडतो. पण रोगट झाडाचा रस पिणाऱ्या कुठल्याही कीटकाच्या पोटात तो सापडणारच. तो तिथेच जिरून जातो की पुढच्या झाडात उतरतो, हे जाळीतले रोपच सांगते.

या रीतीची सुरुवात नासपतीच्या बागेत झाली. वनस्पतींनाही जिवाणूंमुळे रोग होतो हे थॉमस बरिल यांनी १८८०च्या सुमारास अमेरिकेत नासपती आणि सफरचंदाच्या फायर ब्लाइट रोगावर काम करून दाखवले होते. मर्टन वेट यांनी १८९१ साली पुढचे पाऊल टाकले. जिवाणू फुलातल्या मधुरसात वाढतो, मधमाश्यांच्या मुखांगावर सापडतो, आणि जाळीने झाकलेल्या फुलांपर्यंत तो पोहोचत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. कीटक वनस्पतींमध्ये जिवाणूजन्य रोग पसरवतो याचा हा पहिला पुरावा मानला जातो. ज्या मधमाशीवाचून फळ धरत नाही, तीच रोगाची वाहकही ठरली. तिला मारणे हा उपाय असूच शकत नाही, म्हणून तिथले बागायतदार रोगट फांद्या छाटण्यावर आणि फुलोऱ्याच्या काळात फुलांचे संरक्षण करण्यावर भर देतात. वाहकाची ओळख पटली की काय करू नये, हेही कळते.

सायलाला जवळून पाहताना

ग्रीनिंग पसरवणारा आपल्याकडचा कीटक म्हणजे सिट्रस सायला. संत्रा, मोसंबी, लिंबू या साऱ्यांवर तो येतोच, पण दारातल्या कढीपत्त्यावर आणि कुंपणाला लावलेल्या कुंतीवरही आनंदाने वाढतो, कारण ही झाडे लिंबाच्याच कुळातली आहेत.

त्याला शोधायचे ते पिवळ्या पानांवर नाही. लक्षणे जुन्या पानांवर दिसतात आणि लागण झाल्यापासून ती दिसायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते. सायला मात्र कोवळ्या नवतीवर असतो. मादी अंडी घालते ती नुकत्याच फुटलेल्या कोंबावर, अजून न उलगडलेल्या पानांच्या घडीत. म्हणून आंबिया, मृग आणि हस्त या तिन्ही बहारांची नवती फुटते ते दिवस सायला पाहण्याचे.

दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि पांढरा पुठ्ठा एवढे साहित्य पुरते. पुठ्ठा फांदीखाली धरून फांदीवर काठीने दोन-तीन वेळा टपली मारावी. प्रौढ सायला पुठ्ठ्यावर पडतात आणि लगेच उडी मारून उडतात, म्हणून नजर पुठ्ठ्यावरच हवी. प्रौढ तीन ते चार मिलिमीटर लांब, मातकट तपकिरी, लाल डोळ्यांचा असतो. पंख पारदर्शक असून त्यांच्या कडेने तपकिरी पट्टा गेलेला दिसतो. सर्वांत खात्रीची खूण त्याच्या बसण्यात आहे. रस शोषताना तो डोके पानाला टेकवतो आणि मागचा भाग वर उचलतो, सुमारे ४५ अंशांच्या कोनात. मावा किंवा काळी माशी असे बसत नाही. दुरून पाहिले तर पानाच्या शिरेवर बारीक तिरके काटे उगवल्यासारखे वाटतात.

आता कोंबाचा शेंडा भिंगाखाली धरावा. अंडी बदामाच्या आकाराची, आधी फिकट आणि मग नारिंगी पिवळी होत जाणारी, कोवळ्या पानाच्या घडीत एका टोकावर उभी रोवलेली असतात. एक मादी आयुष्यात कित्येकशे अंडी घालू शकते. पिल्ले पिवळसर नारिंगी, चपटी, हळू सरकणारी असतात. ती पाच वेळा कात टाकतात, आणि मोठ्या पिल्लांच्या दोन्ही अंगांना पंखांच्या कळ्या ठळक दिसू लागतात. त्यांच्या मागच्या टोकातून पांढऱ्या मेणाच्या वेटोळ्या नळ्या बाहेर पडतात. पिठ्या ढेकणाच्या अंगावरचा कापूस आणि या नळ्या यांत गल्लत होऊ शकते. पण सायलाची नळी दोऱ्यासारखी सुटी आणि वळलेली असते, पिठ्या ढेकणाचा कापूस त्याच्या सबंध अंगाला लपेटलेला असतो. सायलाच्या चिकट स्रावावर मुंग्या येतात आणि पुढे काळी बुरशी धरते. म्हणून कोंबावर मुंग्यांची रांग लागली असेल तर तो कोंब वाकवून पाहावाच.

माव्याशीही गोंधळ होतो. माव्याच्या पाठीमागे दोन बारीक नळकांडी असतात, तशी सायलाला नसतात, आणि मावा डिवचला तरी सायलासारखी उडी मारत नाही. कढीपत्त्यावर सायलाचा एक जवळचा भाऊबंदही सापडतो. म्हणून नुसत्या भिंगावर विसंबून शेवटचा निर्णय घेऊ नये. काही प्रौढ अल्कोहोल भरलेल्या लहान बाटलीत जपून ठेवावेत आणि कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागात दाखवावेत.

जिवाणू दिसण्याआधी वाहक सापडला

सायला भारतात नवा नाही. १९२७ साली हुसेन आणि नाथ यांनी पंजाबातल्या सायलाचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळी बागांच्या नुकसानीचा दोष कीटकाच्या शोषणालाच दिला गेला. तो आपल्याबरोबर आणखी काही घेऊन येतो याची कल्पना कुणालाच नव्हती. चीनमध्ये लिन कुंगशियांग यांनी १९५६ साली दाखवले की हा रोग कलमातून एका झाडातून दुसऱ्यात जातो, म्हणजे तो संसर्गजन्य आहे. दक्षिण आफ्रिकेत मॅक्लीन आणि ओबरहोल्झर यांनी १९६५ साली तिथल्या वेगळ्या जातीच्या सायलावर वाहकपणाचा आरोप सिद्ध केला. पाठोपाठ १९६७ साली पुण्यातील एका संशोधन केंद्रात काम करणाऱ्या कपूर, राव आणि विश्वनाथ यांनी आपल्याकडचा सिट्रस सायला ग्रीनिंगचा वाहक असल्याचे प्रसिद्ध केले.

तेव्हा हा रोग विषाणूचा समजला जात होता. रोगट झाडाच्या रसवाहिनीत जिवाणूसारखी रचना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसली ती १९७० साली, फ्रान्समधील संशोधकांना. म्हणजे रोगाचे कारण नेमके काय हे कुणाला ठाऊक नसतानाही पुण्याच्या संशोधकांनी वाहक अचूक ओळखला होता. प्रयोगशाळेतल्या पात्रात हा जिवाणू सहजी वाढत नसल्याने त्याचा अभ्यास पुढेही कठीणच राहिला. कीटकाचा अभ्यास मात्र बागेत उभे राहून करता येत होता, आणि रोग रोखण्याची बहुतेक व्यवहार्य वाट त्याच अभ्यासातून निघाली.

जिवाणू ठेवायच्या चार जागा

कीटक जिवाणूला कुठे ठेवतो, यावरून वाहकांचे ढोबळ गट पडतात.

काही कीटक जिवाणूला नुसते अंगाला, पायांना, मुखांगाला लावून नेतात. फायर ब्लाइटमधली मधमाशी यातली. युगांडात २००१ साली आढळलेल्या केळीच्या जिवाणूजन्य मर रोगातही कीटक असेच वागतात: केळफुलावर येतात, गळलेल्या पाकळ्यांच्या ओल्या वणांवर बसतात आणि पुढच्या केळफुलावर जातात. तिथे शेतकऱ्यांना सांगितलेला उपाय साधा आणि परिणामकारक आहे. शेवटची फणी सुटली की केळफूल काढून टाकायचे, तेही कोयत्याने न कापता बेचक्याच्या काठीने मोडून, म्हणजे कोयत्यावरून रोग पसरत नाही. कीटकाला बसायला जागाच राहिली नाही की त्याला मारायची गरज उरत नाही.

दुसऱ्या गटात जिवाणू कीटकाच्या आतड्यात मुक्काम करतो. अमेरिकेत काकडी आणि खरबुजाच्या वेलांची मर पसरवणारा पट्टेरी भुंगेरा हिवाळाभर जिवाणूला पोटात सांभाळतो. वसंतात वेल उगवले की तो कोवळी पाने कुरतडतो आणि त्याच्या विष्ठेतला जिवाणू त्या जखमांत उतरतो. रोगट वेलाचा देठ कापून दोन्ही टोके क्षणभर एकमेकांना दाबून धरली आणि सावकाश दूर केली तर चिकट तार ओढली जाते, ती जिवाणूंचीच. इथे महत्त्वाचे दिवस उगवणीचे, म्हणून तिथे रोपे लहान असतानाच जाळीखाली झाकली जातात.

तिसऱ्या गटाची गोष्ट इटलीत घडली. देशाच्या दक्षिण टोकाला पुलिया प्रांतात, गालिपोलीच्या परिसरात, २०१३ साली ऑलिव्हची झाडे वाळण्यामागे झायलेला हा जिवाणू असल्याचे उघड झाले. तो जलवाहिनीत, म्हणजे मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत राहतो. वाहक निघाला कुरणात सर्वत्र सापडणारा एक फेसकिडा, ज्याचे शास्त्रीय वर्णन लिनियसने १७५८ सालीच करून ठेवले होते आणि ज्याला पिकाची कीड म्हणून कुणी विशेष मोजतही नव्हते. २०१४ साली ऑलिव्हच्या बागांतून पकडलेले फेसकिडे सदाफुलीच्या रोपांवर सोडले, आणि त्या रोपांत जिवाणू उतरला. या किड्याची पिल्ले वसंतात गवतावर स्वतःभोवती फेस करून राहतात आणि प्रौढ झाल्यावर ऑलिव्हवर जातात. जिवाणू चिकटतो तो त्याच्या अन्नमार्गाच्या अगदी पुढच्या भागाला. कात टाकताना त्या भागाचे अस्तरही निघून जाते आणि जिवाणू त्याच्याबरोबर पडतो. प्रौढ पुन्हा कात टाकत नाही, म्हणून त्याने एकदा घेतलेला जिवाणू जन्मभर राहतो. म्हणून वसंतात बागेतले गवत नांगरून किंवा कापून फेसातली पिल्ले नष्ट करणे हा तिथला मुख्य उपाय ठरला; त्या वेळी ती ना उडू शकतात ना ऑलिव्हपर्यंत जिवाणू नेऊ शकतात.

चौथ्या गटात सायला येतो. त्याच्यात जिवाणू आतड्याची भिंत ओलांडून शरीरात पसरतो, वाढतो आणि लाळग्रंथींपर्यंत पोहोचतो. तिथून तो रस शोषताना पुढच्या झाडात सोडला जातो. कात टाकल्याने त्याचे काही बिघडत नाही. प्रौढ वयात रोगट झाडावर बसलेल्या सायलापेक्षा पिल्लूपणीच जिवाणू घेतलेला सायला कितीतरी प्रभावी वाहक ठरतो आणि पंख फुटल्यावर तो जन्मभर जिवाणू बाळगतो. म्हणजे रोगट झाडाच्या एका नवतीवर वाढलेली पिल्ले हीच पुढच्या लागणीची खरी फळी. फेसकिड्याचे पिल्लू निरुपद्रवी आणि सायलाचे पिल्लू सर्वांत घातक, हा फरक किडीच्या नावावरून कळत नाही. तो कळतो जिवाणूच्या मुक्कामावरून.

वांग्यातला पर्णगुच्छ

याच चौथ्या गटातला एक रोग आपल्या भाजीपाल्यात नेहमी दिसतो. वांग्याच्या झाडाला बोटाच्या पेराएवढी बारीक पानांची झुबकी येतात, फांद्या आखूड होतात, फुले हिरवी राहतात आणि फळ धरत नाही. या पर्णगुच्छामागे फायटोप्लाझ्मा असतो, म्हणजे पेशीभित्ती नसलेला जिवाणू. अशा जिवांचा शोध जपानमध्ये १९६७ साली लागला; त्याआधी हे रोगही विषाणूंच्याच खात्यावर जमा होते.

वांग्यावर सर्वांत जास्त दिसतो तो हिरवा तुडतुडा. त्याच्या पंखांच्या टोकाजवळ एकेक काळा ठिपका असतो आणि तो पानाच्या कडा वळवून करपवतो. नुकसान खूप करतो, पण पर्णगुच्छाचा मुख्य वाहक तो नाही. तो आहे थोडा वेगळा, मातकट रंगाचा तुडतुडा. त्याने पंख मिटले की पाठीच्या मधोमध दोन अर्धवर्तुळे जुळून एक गोल तपकिरी डाग तयार होतो. हिरवे तुडतुडे मोजून फवारणी ठरवणाऱ्याच्या हिशोबात हा येतच नाही. रोगट झाड उपटून टाकणे इथे फवारणीइतकेच मोलाचे आहे, कारण जिवाणू घेतल्यानंतर तो दुसऱ्याला देण्याजोगा व्हायला तुडतुड्याला बरेच दिवस लागतात. त्या काळात रोगाचा साठा शेतातून गेला तर पुढची पिढी रिकाम्या हाताने उडते.

उशिरा ओळखण्याची किंमत

फ्लोरिडात सिट्रस सायला १९९८ साली आढळला. तेव्हा तो पाने वाकडी करणारी एक नवी कीड होता. शोभेच्या कुंतीच्या रोपांबरोबर तो रोपवाटिकांतून राज्यभर गेला. ग्रीनिंग तिथे सापडले २००५ साली, आणि तोवर वाहक सगळीकडे पोहोचलेला होता. २००३-०४च्या हंगामात फ्लोरिडात संत्र्याच्या सुमारे २४ कोटी पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४मध्ये त्या दोन कोटींच्याही खाली आल्या. चक्रीवादळांनी आणि इतर रोगांनी त्यात भर घातली, तरी बागा खचवणारे मुख्य कारण ग्रीनिंगच.

आपल्याकडे वाहकही आहे, रोगही आहे, आणि सुदैवाने वाहकाचे शत्रूही आहेत. टॅमेरिक्सिया नावाची जेमतेम एक मिलिमीटरची गांधीलमाशी सायलाच्या पिल्लाखाली अंडे घालते आणि तिची अळी पिल्लाला खाऊन टाकते. तिचे पहिले शास्त्रीय वर्णन १९२२ साली झाले ते अखंड पंजाबातल्या नमुन्यांवरून. रियुनियन बेटावर १९७८ साली तिला सोडल्यावर सायला आटोक्यात आला. कोंबावर फुगलेले, तपकिरी, पानाला घट्ट चिकटलेले पिल्लू आणि त्याच्या छातीपाशी गोल भोक दिसले तर ही माशी बागेत काम करते आहे असे समजावे. त्या बागेत सरसकट जहाल फवारणी करणे म्हणजे आपल्याच बाजूचे सैन्य कापणे.

म्हणून बागेतला क्रम असा असावा. कलम घेताना डोळा निरोगी मातृवृक्षाचा, जाळीघरात राखलेला घ्यावा. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळे संशोधन संस्थेने रोगमुक्त कलमांसाठी हीच वाट दाखवली आहे. वाहकावर कितीही लक्ष ठेवले तरी रोगट डोळा बांधला तर रोग आपल्याच हाताने बागेत येतो. नवती फुटू लागली की दर आठवड्याला कोंब पाहावेत, सुरुवात बांधाकडच्या ओळींपासून करावी, कारण बाहेरून येणारा सायला आधी कडेच्या झाडांवर उतरतो. पिवळे चिकट सापळे तिथेच टांगावेत. फवारणी करायचीच तर अंडी आणि लहान पिल्ले दिसतात त्या दिवसांत करावी. नवती जून झाल्यावर केलेल्या फवारणीने पैसे जातात, वाहक राहतो. संशयित झाडाची पाने तपासणीला पाठवावीत, आणि रोग पक्का झाला तर झाड काढण्याचे दुःख सोसावे.

सायलाला बांध कळत नाही. एकाने बाग राखली आणि शेजारची पडीक बाग नवतीवर नवती काढत राहिली तर राखलेल्या बागेचे श्रम वाया जातात. म्हणून कोंब पाहायची सवय गावाने मिळून लावून घ्यायला हवी. पाण्याच्या पाळीची आणि बाजारभावाची चर्चा होते तशी, या आठवड्यात कुणाच्या कोंबावर अंडी दिसली याचीही चर्चा पारावर व्हावी. जिवाणूला झाडातून काढणे आज आपल्या हाती नाही. त्याची ने-आण थांबवणे आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी लागणारे भिंग कोणत्याही शेतकऱ्याच्या खिशात मावते.